फ्रीजची किल्ली

नेकनूरच्या वत्सलाबाईंचं वजन ब्याऐंशी किलो भरलं, तेव्हा त्यांनी पहिला दोष काट्याला दिला आणि दुसरा अंगावरच्या लुगड्याला. बीडचे डॉक्टर दोन्ही ऐकायला तयार नव्हते. "आठ किलो उतरवा, मग गुडघ्याचं बोलू," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुण्याच्या लेकीला हे कळलं आणि चौथ्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात ट्रॅव्हल्समधून थर्माकोलची एक पेटी उतरली. वत्सलाबाईंच्या मुलाने, प्रविणने, ती मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून घरी आणली. आत गोठवलेल्या तयार जेवणाची चौदा पाकिटं होती. ओट्सची खिचडी, उकडलेल्या भाज्या, तपकिरी भात. रोज दुपारी एक गरम करून खायचं. प्रत्येकावर लिहिलं होतं, 'एका व्यक्तीसाठी'.

"कोन्या येक्तीसाठी?" वत्सलाबाईंनी पाकीट हातावर तोलत विचारलं. "सा म्हैन्याच्या लेकराच्या का?"

"तुमच्यासाठीच हाय, आत्याबाई," त्यांची सून दिपाली म्हणाली. "खाऊन तर बघा."

पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट संपवलं आणि जेवायला कधी वाढतेस म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी दिपाली गिरणीत गेल्याचं पाहून स्वतःच दोन गरम करून खाल्ली. मग त्यांना स्वतःचाच राग आला. बाई मुळात प्रामाणिक. त्यांचा फ्रीज जुना, कुलपाचा होता. त्याची किल्ली हुडकून त्यांनी सुनेच्या हातात दिली.

"म्या रडले, शिव्या दिल्या, तरी देऊ नको. माझी आण हाय तुला."

दिपालीने किल्ली कमरेला खोचली आणि घोटाळा इथूनच सुरू झाला.

शेजारच्या बायडाबाई विरजण मागायला आल्या. "दही फ्रीजमधी हाय, पर किल्ली सुनंजवळ हाय, अन् ती गेलीय बाहीर," वत्सलाबाई सहज म्हणाल्या. बायडाबाईंनी कुलपाकडे पाहिलं. मग वत्सलाबाईंच्या मांडीवरच्या, पाकिटातून निघालेल्या काळ्या डबीत पाहिलं.

"ह्ये काय खायलीस गं?"

"जेवन."

"कव्हाचं?"

"लिव्हलंय बघ वर. मागल्या म्हैन्याचं."

बायडाबाई विरजणाचं विसरूनच गेल्या. संध्याकाळी गिरणीत कळलं की दिपाली सासूला मागच्या महिन्याचं शिळं घालते. दुसऱ्या दिवशी कळलं की तेसुद्धा कुलपात ठेवते आणि मोजून देते. फळवाले दस्तगीरभाई तर दोन केळी वत्सलाबाईंच्या पदरात टाकून हळूच म्हणाले, "खा मावशी, कुनी बघंना." वत्सलाबाईंनी ती खाल्ली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

एरवी त्यांनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण दिपालीच्या धाकट्या बहिणीला, रोहिणीला, सिरसाळ्याचं चांगलं स्थळ आलं होतं. पाहणं झालं होतं, फक्त होकार यायचा होता. आणि मुलाच्या आईने, छबुबाईंनी, निरोप धाडला, "रईवारी वाट वाकडी करून थोरलीच्या घरला येताव. जरा इचारायचं हाय."

दिपाली रडायलाच लागली. "त्यांच्या कानावर गेलंय, आत्याबाई. माझ्यापायी रोहिणीचं मोडतंय आता."

वत्सलाबाईंना फार वाईट वाटलं. सात वर्षांत या पोरीने त्यांना एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"कावून मोडंल? पुरनाचा सैपाक कर. त्यांच्या म्होरं बसून खाते. बघू कोन म्हंतंय उपाशी ठेवती म्हनून."

"अन् वजन?"

"वजन सोमवारपसून."

रविवारी छबुबाई आल्या. दारातून आत येताना त्यांना जरा आडवं व्हावं लागलं. पुरुष माणसं बाहेर बसली, बायकांची ताटं आत वाढली. फ्रीजची किल्ली सगळ्यांना दिसेल अशी कुलपातच ठेवली होती.

वत्सलाबाईंनी पहिली पोळी तुपात बुडवून खाल्ली. "घ्या ना, आत्याबाई, तुमी खातच न्हाईत," दिपाली ठरल्याप्रमाणे म्हणाली. दुसरी झाली, तिसरी झाली. "आमची सून बघा, हात धरला तरी वाढती," असं म्हणत चौथीही झाली. पाचवी मात्र त्यांनी केवळ रोहिणीसाठी खाल्ली असं म्हणता येणार नाही.

छबुबाई एकाच पोळीचे तुकडे करत बसल्या होत्या. वत्सलाबाईंच्या पोळीगणिक त्यांचा चेहरा उतरत होता.

"म्हंजे आमी ऐकलं त्ये खोटं हाय म्हना की."

"साफ खोटं!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"मोजून खायाला घालत न्हाई ती?"

"छ्या! मानूस आडवं पडूस्तोर घालती."

छबुबाईंनी सुस्कारा टाकला. "मंग अवघड हाय."

दिपालीच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"मला बी गुडघे हायत, बाई. डाक्टर म्हंतोय, धा किलो उतरवा. आमची थोरली सून लई गुनाची, पर नगं म्हनलं तरी ताटात टाकती. लोकं नावं ठेवतील म्हनून. नेकनूरला येक सून सासूचं खानं कुलपात ठेवती असं कळालं, तव्हाच म्या ठरिवलं, तिच्याच पाठची आनावी. बहीन बी तशीच कडक आसंल. पर तुमच्यात बी आमच्यावानीच चाललंय."

वत्सलाबाई पाच पोळ्यांनिशी ताडकन उठल्या. एरवी त्यांना उठवायला दोन माणसं लागत. फ्रीज उघडून त्यांनी उरलेली सहा पाकिटं छबुबाईंपुढे मांडली आणि वर किल्ली ठेवली.

"ऐकलं त्ये समदं खरं हाय! लई कडक हाय आमची सून. रडले तरी देत न्हाई!"

"खरंच?"

"बायडाबाईला इचारा!"

बायडाबाई दारातच उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आपणहून साक्षीला बोलावलं होतं. "माझ्या डोळ्यानं बघितलंय," त्या पुढे होत म्हणाल्या. "मागल्या म्हैन्याचं घालती वो बिचारीला."

छबुबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी दिपालीला जवळ घेतलं आणि तिथल्या तिथे होकार दिला. निघताना सहाही पाकिटं त्यांच्या पिशवीत होती.

गाडी गेल्यावर वत्सलाबाई समाधानाने भिंतीला टेकून बसल्या. "दिपाली, पाकिटं तर गेली. आता नवी येऊस्तोर उरलेल्या पोळ्यायचंच बघावं लागंल."

दिपालीने पोळ्यांचा डबा उचलून फ्रीजमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"अगं, येक तरी!"

"तुमचीच आण हाय, आत्याबाई."