आठ पिंपं काठोकाठ

“मामा, तुम्ही निर्धास्त जा. पिंपांबद्दल मला कुणी शिकवायचं नाही. मी पाळण्यात कमी आणि पिंपाच्या सावलीत जास्त वाढलोय!”

बाकीसनं छातीवर हात ठेवून असं सांगितलं तेव्हा त्याचे सासरे आंतिओगु यांचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. दाढ काढायला ओरिस्तानोला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि नेमक्या त्याच शनिवारी लुदोविकाबाई चौदा माणसं घेऊन वाइन चाखायला येणार होत्या. या लुदोविकाबाई म्हणजे समुद्रापलीकडच्या बोलोन्या शहरातल्या. दरवर्षी गाडीभर माणसं घेऊन आमच्या तिर्सो नदीकाठच्या वाइनच्या कोठ्या एकेक करून पालथ्या घालायच्या आणि त्यांच्या शिफारशीच्या यादीत जी कोठी चढेल तिचं भलं व्हायचं. आंतिओगुंची कोठी अजून त्या यादीत नव्हती.

“यादीत आलो, तर कोठीची किल्ली तुझ्या खिशात राहील,” आंतिओगु गाल धरून म्हणाले. “नाही आलो, तर माझ्यानं आता होत नाही. रायमोंदू केव्हाचा मागतोय, देऊन टाकीन त्याला.”

रायमोंदू हा आंतिओगुंचा चुलतभाऊ. त्याला तिथं ट्रॅक्टर ठेवायचे होते. चार पिढ्यांच्या कोठीत ट्रॅक्टर, ही कल्पनाच बाकीसला सहन व्हायची नाही.

“तू फक्त दार उघड, पेले मांड, आणि माझ्या बोनारियाच्या जन्मसालच्या पिंपातलं पाज. बाकी कशालाही हात लावू नकोस. समजलं?”

“समजलं, मामा.”

“कशालाही.”

“अहो, चला आता,” सासूबाई मिंतोनिया गाडीतूनच ओरडल्या. गाडी त्याच चालवायच्या, कारण दातांच्या डॉक्टरकडे जाताना आंतिओगुंचे हात थरथरायचे.

बाकीस आमचा नव्हे, डोंगरातला. लग्नाला दोन वर्षं झाली, बायको बोनारियासाठी तो गाव सोडून इकडं राहायला आला, तरी सासरेबुवांनी त्याला चाखायच्या टेबलापलीकडं कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच किल्ली हातात आली होती. आणि “कशालाही हात लावू नकोस” हे तर लोक शिष्टाचार म्हणून बोलतातच, आपण “कशाला त्रास घेता” म्हणतो तसं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

आत शिरल्या शिरल्या त्याचं कपाळ आठ्यांनी भरलं. उत्तरेकडच्या खिडक्या सताड उघड्या! वारा खुशाल आत-बाहेर करतोय. कोळिष्टकं लोंबतायत. पिंपांवर धूळ, आणि प्रत्येक पिंपाच्या पुढच्या फळीवर खडूनं ओढलेली एक वेडीवाकडी रेघ. म्हाताऱ्यांचं वय झालं, दुसरं काय! त्यानं आधी खिडक्या लावून फटींत गोणपाट कोंबलं. मग ओलं फडकं घेऊन अकराही पिंपं लख्ख पुसली. खडूच्या रेघा हट्टी होत्या, त्यांना जरा जास्त घासावं लागलं.

पुसता पुसता सवयीनं त्यानं पहिल्या पिंपावर बोटानं टकटक केलं. खालून भरीव आवाज आला, वरून पोकळ. दुसऱ्यावर टकटक केलं, पुन्हा तेच. डोंगरात त्याच्या बापाकडं लाल वाइन असायची आणि पिंप बोटभर जरी उणं राहिलं तरी बाप घरात कुणाला जेवू द्यायचा नाही. वर हवा राहिली की वाइन मेली, हे बाकीसला अक्षरओळख होण्याआधी कळलं होतं. त्यानं शिडी लावली, बूच काढलं आणि बॅटरी आत मारली. पिंप पाव रिकामं! आणि वाइनवर पांढरट, सुरकुतलेली बुरशी पसरलेली.

तो शिडीवरच बसला. बिचारे मामा, त्यांना वरचं दिसत नाही की काय? दाढ दुखतेय म्हणून महिनोन् महिने इकडं फिरकले नाहीत की काय? आणि आता तासाभरात चौदा माणसं येणार आणि ही अब्रू बघणार. त्याला खरंच भरून आलं. सासऱ्यांची लाज आपण नाही राखायची तर कुणी?

कोपऱ्यात वेताच्या जाळीतले मोठाले काचेचे बुधले होते, यंदाच्या नव्या वाइनचे. त्यानं बाह्या सारल्या. बुधला खांद्यावर, शिडीवर, नरसाळं, ओत! वाइन चढत चढत तोंडाशी आली, बुरशी वर तरंगत बुचाच्या भोकातून बाहेर पडली आणि त्यानं ती फडक्यानं टिपून घेतली. इतकं समाधान त्याला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. एक झालं, दोन झाली, आठ पिंपं काठोकाठ झाली. नवव्याला नव्या वाइनचा एक थेंबही उरला नव्हता. राहिली दोन साधी पिंपं आणि कोपऱ्यातलं ते बोनारियाच्या जन्मसालचं. तो रिकामा बुधला घेऊन शेजाऱ्याकडं उसनी वाइन मागायला निघणार, एवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. पाहुणे वीस मिनिटं आधीच आले होते.

लुदोविकाबाई पुढं, मागं चौदा माणसं. तीन दिवसांत एकोणीस कोठ्या फिरून त्यांच्या चेहऱ्यांवर शाळेतल्या शेवटच्या तासाची कळा आली होती. त्यांच्यात तोरिनोचे एक निवृत्त नोटरी होते, ते वही उघडून उभे राहिले. बाकीसनं घसा साफ केला.

“मंडळी, वाइन चांगली की वाईट हे पेल्यात नाही, पिंपात ठरतं. आमचं एकेक पिंप वाजवून बघा. बुचापर्यंत भरलेलं आहे. हवेला सुईएवढी जागा नाही. आणि बुरशीचा तर एक कणसुद्धा मी ठेवलेला नाही!”

नोटरींची पेन्सिल वहीवर थांबली. लुदोविकाबाईंनी एका पिंपावर टकटक केलं, मग दुसऱ्यावर, आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

“तुम्ही... साय काढलीत?”

“साय कुठली? बुरशी होती, बाई.”

“देवा!” त्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि कुजबुजत सांगितलं. “अहो, वेर्नाच्चा आहे ही, तुमची लाल वाइन नव्हे! इथं पिंप मुद्दाम पाव रिकामं ठेवतात. खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवतात. ती साय येते म्हणून तर ही वाइन होते. तीच बघायला ही माणसं समुद्र ओलांडून आली आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं,” बाकीसच्या तोंडून कसंबसं निघालं. “कशालाही हात लावू नकोस म्हणाले.”

त्याच्या डोळ्यांसमोर पिंपं दिसेनात, रायमोंदूचे ट्रॅक्टर दिसायला लागले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सासूबाई.

“झालं रे, काढली दाढ. निघालो आम्ही. अर्ध्या तासात पोचतो. सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे, मामी.”

“मग असा का बोलतोस? तुझीही दाढ काढली का कुणी?”

फोन ठेवून बाकीस खाली बसला, तो लुदोविकाबाईंनी त्याला उठवला. “रडायला वेळ नाही. आधी जेवढं ओतलंत तेवढं बाहेर काढा. भांडी कुठं आहेत?”

मग जे झालं ते आमच्या गावानं त्याआधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंचं स्वयंपाकघर रिकामं झालं. रिकोत्ता चीज करायची पातेली, कपडे धुवायचा टब, सूप वाढायचं भांडं, बोनारियाच्या बारशाचं पितळी घंगाळ, जे हाताला लागेल ते. एकोणीस कोठ्यांत नुसती भाषणं ऐकून कंटाळलेली माणसं अशी कामाला भिडली की बघतच राहावं. कोट खुंट्यांना अडकले, बाह्या वर गेल्या. कुणी नळी ओढतंय, कुणी पातेलं धरतंय, कुणी ओळीनं उभं राहून भांडी पुढं देतंय. आणि भांडं काठोकाठ भरलं की सांडू नये म्हणून प्रत्येकजण आधी वरचा एक घोट घ्यायचा. आठ पिंपं, चौदा माणसं. तिसऱ्या पिंपानंतर ओळ वाकडी झाली, पाचव्यानंतर गाणं सुरू झालं.

“पण कुठपर्यंत काढायची?” नोटरींनी विचारलं. त्यांचा टाय आता कानावर होता.

बाकीसनं पिंपाच्या पुढच्या फळीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या वेड्यावाकड्या रेघा! वाइन कुठवर ठेवायची त्याच्याच त्या खुणा होत्या हे आत्ता डोक्यात आलं, आणि त्या त्यानं स्वतःच घासून घासून पुसल्या होत्या.

याच वेळी आंतिओगु दारात उभे राहिले. सासूबाई अजून गाडी लावत होत्या. आंतिओगुंना काय दिसलं? खिडक्यांत गोणपाट. चौदा अनोळखी माणसं त्यांची वाइन बाहेर घेऊन चाललेली. आणि सगळ्यांत पुढं लेकीच्या बारशाचं घंगाळ डोक्यावर घेतलेले एक म्हातारे गृहस्थ, गात.

आंतिओगुंनी तोंड उघडलं. पण अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. आतून नुसतं “हँ... हँ...” एवढंच आलं. ओठ एका बाजूला ओघळला, हात हवेत वर गेला.

“झटका!” नोटरी ओरडले. “यांना झटका आलाय! बसवा, बसवा!”

चौघांनी आंतिओगुंना धरून खुर्चीत दाबलं. एकीनं कॉलर सोडली. एकीनं वहीनं वारा घातला. ते उठायला बघत, हे पुन्हा दाबत. ते पिंपांकडं बोट दाखवत, हे म्हणत, “हो हो, देऊ हं, पण आधी पाणी प्या.” बाकीस त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसून रडत होता. “मामा, किल्ली घ्या, मला डोंगरात परत पाठवा, पण असे जाऊ नका हो!”

“काय चाललंय हे?” मिंतोनियाबाई आत आल्या. “सोडा त्यांना! दाढ काढलीय त्यांची, जीव नाही काढलेला!”

सगळ्यांनी हात काढून घेतले. बाकीसनं हुंदके देत सगळं सांगितलं. बुरशी, फडकं, आठ पिंपं, रेघा, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर त्यानं किल्ली काढून सासूबाईंच्या पुढं धरली. मिंतोनियाबाईंनी किल्लीकडं बघितलंच नाही. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. आंतिओगुंनी नजर चुकवली. त्यांचे खांदे हलायला लागले आणि चेहऱ्याची डावी, जागी असलेली बाजू हसत होती.

“हसा,” बाई म्हणाल्या. “मी सांगू की तुम्ही सांगता? बरोबर, तुम्हाला बोलता येत नाही. बाकीस, मी कुठली?”

“डोंगरातल्या, मामी. आमच्याच बाजूच्या.”

“लग्नाला आठ दिवस झाले होते. हे शेतावर गेले आणि मला यांची दया आली. मी अकराच्या अकरा भरली, बाबा. तू आठांवरच थांबलास, तीन राखलीस. माझ्या वेळी घरात सायीचा ठिपका उरला नव्हता. नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मग दहाव्या दिवशी आपल्या मावशीकडून कॉफीच्या कपात एवढीशी साय मागून आणली.”

“आणि मग?” लुदोविकाबाईंनी विचारलं. त्यांची वही कधीच बंद झाली होती.

“मग काय, पिंपं पाव रिकामी केली, वर चमचा चमचा सोडली, खिडक्या उघडल्या. दोन महिन्यांत साय धरली. ती दुधासारखीच आहे हो, थोडं विरजण असलं की झालं. बाकीस, डोळे पूस आणि माझा लांब दांड्याचा डाव घेऊन ये. कुणीतरी सुपाच्या भांड्यात बुडवलाय वाटतं तो.”

बाकीसच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईंची टोपी हलली. मग आंतिओगुंनी स्वतः शिडी चढून लेकीच्या जन्मसालच्या पिंपातून साय उचलली आणि आठही पिंपांत अलगद सोडली. चौदा माणसं खाली टोप्या हातात घेऊन उभी होती. नंतर सगळ्यांनी जुनी वाइन चाखली, बदामाच्या वड्या खाल्ल्या आणि नोटरींनी घंगाळ स्वतःच्या हातानं धुऊन दिलं.

“एकोणीस कोठ्यांनी मला साय म्हणजे काय ते समजावलं,” गाडीत चढताना लुदोविकाबाई म्हणाल्या. “पण ती जाते म्हणजे काय, हे आज कळलं. तुमची कोठी यादीत आली. पुढच्या वर्षी दोन गाड्या आणते.”

कोठी वाचली. संध्याकाळी बोनारिया शाळेतून शिकवून आली तोवर आंतिओगुंचा जबडा जागा झाला होता. ते बाकीससमोर उभे राहिले. बाकीसनं मान खाली घातली.

“खडू कुठं आहे?” हे त्यांचे पहिले शब्द.

त्यांनी अकराही पिंपांवर नव्यानं रेघा ओढल्या. मग बाकीसनं परत दिलेली किल्ली खिशातून काढली. बाकीसनं हात पुढं केला. आंतिओगुंनी किल्ली बोनारियाच्या हातात ठेवली आणि बाकीसच्या पुढं आलेल्या हातावर खडू ठेवला.

“हा तुझा. रेघ पुसट झाली की ओढायची. रेघेच्या वर जायचं नाही.”

ऑगस्ट सरता सरता आठही पिंपांवर साय धरली. बॅटरीच्या उजेडात ती बघताना बाकीसला जे सुटल्यासारखं वाटलं ते तो अजून सगळ्यांना सांगतो. खडू त्याच्या खिशात कायम असतो, त्यामुळं त्याच्या चर्चला जायच्या काळ्या पँटचा उजवा खिसा पांढरा झालाय. पुढच्या वर्षी लुदोविकाबाई खरंच दोन गाड्या घेऊन आल्या, आणि नोटरींनी बाकीसला बाजूला घेऊन हळूच विचारलं, यंदा निदान एखादं पिंप तरी चुकून भरता येईल का.

राहिला डोंगरातला बाप. तो दर रविवारी फोन करतो आणि खुशालीच्या आधी एकच विचारतो, “काय रे, सासऱ्याची पिंपं भरलेली ठेवतोस ना?”

“काठोकाठ, बाबा,” बाकीस सांगतो आणि फोन बोनारियाकडं देतो.