मानेची मागची बाजू

टाचांचं मलम खपत नव्हतं. कारखान्याने ते अतिशय प्रामाणिकपणे बनवलं होतं, त्याने टाचा खरोखर मऊ होत, आणि नेमकी तीच अडचण होती. भेगा पडलेला माणूस एक ट्यूब नेई, बरा होई आणि पुन्हा दुकानाकडे फिरकत नसे. गोदामात खोकी छताला टेकली, तेव्हा कारखान्याचे मालक जाहिरात कंपनीत आले आणि म्हणाले, "आमच्या मलमाला एखादा कायमस्वरूपी आजार मिळवून द्या."

काम साहजिकच इच्छाशास्त्रींकडे आलं. हे त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं ते जाहिरातींचा मजकूर लिहीत होते आणि माणसाला नेमकं काय हवं असतं यावर लिफ्टच्या दारातही व्याख्यान देत, म्हणून सहकाऱ्यांनी चेष्टेत ही पदवी दिली होती. त्यांनी ती गंभीरपणे स्वीकारली. त्यांचा सिद्धान्त एका ओळीचा होता: माणसाला वस्तू नको असते, चारचौघांत आपलं हसं होऊ नये एवढंच हवं असतं.

त्यांनी मानवी देहाचा मोठा तक्ता भिंतीवर लावला आणि रीतसर पाहणी सुरू केली. चेहरा तर इंच इंच वाटला गेलेला. केस, दात, नखं, काखा यांवर जुने कब्जे. कोपर गेल्याच वर्षी एका प्रतिस्पर्ध्याने बळकावलेलं. गुडघ्यांवर दोन कंपन्यांचा वाद चालू. चौथ्या दिवशी तक्ता उलटा फिरवल्यावर मानेची मागची बाजू दिसली. चार बोटांची जमीन, कधीही लागवडीखाली न आलेली. शिवाय मोक्याची. मालकाला ती जन्मात दिसत नाही आणि मागच्या प्रत्येकाला दिसते.

"सापडली!" ते धावतच साहेबांच्या खोलीत शिरले.

कंपनीचे साहेब शांत गृहस्थ होते. "काय आहे तिथे?"

"काहीच नाही, साहेब. म्हणून तर."

नियमाप्रमाणे पाहणी झाली. रस्त्यावरच्या शंभर जणांना प्रश्न विचारला गेला: 'तुमच्या मागे उभा असलेला माणूस काय बघतो, याची तुम्हाला खात्री आहे का?' शहाण्णव जण 'नाही' म्हणाले. उरलेले चौघे न्हावी निघाले, त्यांना वगळण्यात आलं. अहवालात नोंद झाली की, मानेच्या मागच्या बाजूबद्दल शंभर टक्के नागरिक चिंतित आहेत. मग इच्छाशास्त्रींनी दोन वाक्यं लिहिली. 'तुम्ही पुढे बघता. लोक मागून बघतात.' खाली मलमाची ट्यूब. मलम तेच, फक्त टोपण निळं केलं.

पहिल्या आठवड्यात आरशांच्या दुकानांतले हातआरसे संपले. दुसऱ्या आठवड्यात सभागृहांतल्या पुढच्या खुर्च्या ओस पडल्या. बसमध्ये मागच्या बाकासाठी मारामारी होऊ लागली. रांगांचा प्रश्न तर हाताबाहेर गेला. रांगेत कुणीच पहिला उभा राहीना. "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" करत माणसं खिडकीपासून दूर दूर जात, आणि खिडकीतला कारकून आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकाची वाट बघत बसे. अखेर परिपत्रक निघालं: 'सर्व संबंधितांनी पाठ भिंतीस टेकवून आडवे सरकावे.' वर्तमानपत्रांनी समाजातल्या वाढत्या सौजन्यावर अग्रलेख लिहिले. लोकांना 'आधी तुम्ही' म्हणायला शिकवल्याबद्दल जाहिरात कंपनीला मानपत्र मिळालं. ते घ्यायला व्यासपीठावर जायचं तर सभेकडे पाठ करावी लागणार होती, म्हणून साहेब उलट्या पावलांनी चढले.

इच्छाशास्त्री खूश होते. लोक कसे मेंढरासारखे असतात, हे ते घरी जेवताना रंगवून सांगत. बायको ऐकून घेई. त्यांची आई मात्र हल्ली जेवायला उशिरा येई आणि भिंतीकडची खुर्ची धरून बसे.

आई निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. कान मंदावले होते, पण दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात पुस्तकवाचन असे, तिथे ती पहिल्या रांगेत बसून एकही शब्द सोडत नसे. आठवडाभर तिला तेवढंच एक बाहेर जाणं. एका शनिवारी ती साडेसहाला घरीच दिसली.

"आई, वाचनाला नाही गेलीस?"

"मागच्या वेळी शेवटच्या रांगेत बसले होते. काही ऐकू आलं नाही. नुसती मान हलवत होते." तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला. "तीसुद्धा जपून."

"अगं, मग पुढे का नाही बसलीस?"

आई म्हणाली, "पस्तीस वर्षं मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते रे. मागे पोरं खुसुखुसु हसायची. मला वाटायचं, वय आहे, हसायचंच. आता कळलं कशाला हसायची ते."

बावीस वर्षांत आपल्या एखाद्या वाक्याचा असा परिणाम त्यांनी समोरासमोर पाहिला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आई, नीट ऐक. ती जाहिरात मी लिहिलीय. तसं काही नसतं."

"तू लिहिलीस?" आईचा चेहरा पडला. "म्हणजे माझीच मान बघून सुचलं तुला."

"कुणाचीच बघून नाही सुचलं! टाचांचं मलम उरलं होतं!"

"तू पोटासाठी खोटं बोलतोस हे मला ठाऊक होतं," आई हळू आवाजात म्हणाली. "पण माझं मन राखायला खोटं बोलायची वेळ तुझ्यावर येईल, असं नव्हतं वाटलं."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती नंतर एवढंच म्हणाली, "गावभर खोटं पटवलंस. घरात एक खरं पटवता येईना?"

त्यांनी हात टेकले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी भिंग लावून मान तपासली आणि ती उत्तम असल्याचं लेखी दिलं. आईने कागद दोनदा वाचला. "एवढे मोठे डॉक्टर घरी येऊन बघून गेले, म्हणजे काहीतरी असणारच," ती म्हणाली. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या इच्छाशास्त्रींना डॉक्टरांनी जिन्यात थांबवलं, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि कॉलर खाली ओढत विचारलं, "तुम्ही या विषयातले. माझी जरा बघता का?"

तेव्हा इच्छाशास्त्रींनी साहेबांची खोली गाठली. या वेळी धावत नाही. "साहेब, मला माफी मागायचीय. जाहीर. आम्ही तुम्हाला उगाच घाबरवलं, मान आहे तशी असू द्या, असं छापून आणायचंय. हवं तर मला कामावरून काढा."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. "खरं बोलायचं!" ते पुटपुटले. "बावीस वर्षांत हे कसं सुचलं नाही आपल्याला? या क्षेत्रात ते अजून कुणी वापरलेलंच नाही."

इच्छाशास्त्रींनी त्या रात्रभरात काळजापासून माफीनामा लिहिला. त्यात एकही चलाखी नव्हती. 'कुणी मागून बघत नसतं,' त्यांनी लिहिलं, 'प्रत्येकाला आपल्याच मानेची पडलेली असते. ताठ मानेने पुढे बसा.' साहेबांनी स्वल्पविरामही बदलला नाही. फक्त तळाशी एक ट्यूब छापली. मलम तेच, टोपण पांढरं, वास काढून टाकलेला. नाव 'निर्भय'. ज्यांनी मानेची काळजी सोडून दिली आहे, त्यांच्या मानेसाठी. बाजूला बारीक अक्षरांत सूचना होती की, खरी निर्भय मान लांबूनही ओळखू येते.

शहर दोन तटांत विभागलं. निळ्या टोपणाचे लोक पाठ लपवत, पांढऱ्या टोपणाचे लोक पाठ दाखवत. काही न लावणारा माणूस दिसला की दोन्ही बाजू त्याच्याकडे संशयाने बघत. गोदाम रिकामं झालं.

शनिवारी आई साडेपाचलाच तयार होऊन बसली होती. पदर नेहमीसारखा खांद्यावर, डोळ्यांत जुना करारीपणा. टेबलावर वर्तमानपत्रातलं ते पान कापून ठेवलेलं.

"हे वाच," ती लेकाला म्हणाली. "कुणीतरी पोटतिडकीने लिहिलंय. याला म्हणतात खरं बोलणं. या माणसाकडून शिक काहीतरी."

आपणच तो माणूस, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा सांगून काय झालं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. ते मुकाट्याने तिच्याबरोबर वाचनालयात गेले.

आई पहिल्या रांगेत बसली. ते तिच्या मागे बसले. तासभर समोर आईची मान होती. विरळ पांढरे केस, सुरकुत्यांच्या दोन बारीक रेघा, डाव्या बाजूला तिळाएवढा एक डाग. पन्नाशी उलटली तरी ही मान आपण कधी पाहिली नव्हती, आणि या विषयावर साऱ्या शहराला शहाणपण शिकवून मोकळे झालो, हे जाणवून त्यांना स्वतःची शरम वाटली. वाचन चाललेलं पुस्तक कोणतं होतं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई मात्र मधूनमधून खळखळून हसत होती. ती सुखी होती, आणि तिच्या मानेला कारखान्याच्या पांढऱ्या टोपणाच्या मलमाची चकाकी होती.

राजीनामा लिहून ते सोमवारी साहेबांकडे गेले. साहेबांनी तो न वाचता बाजूला ठेवला आणि एक नवी फाइल पुढे सरकवली.

"एक तिसरा गट निघालाय," साहेब म्हणाले. "निळ्यालाही हसतात, पांढऱ्यालाही हसतात. शिकलेले, चोखंदळ, निवांत वाचत बसणारे. हे काही विकत घेत नाहीत. यांना काय हवं असतं, तेवढं शोधून द्या. मग खुशाल जा."

इच्छाशास्त्रींनी फाइल उघडली. वाटलं होतं, महिना लागेल. दुपारच्या चहाआधीच काम उरकलं. या गटाला मलम लावायला लावण्याची गरजच नव्हती. इतर दोन गटांची फजिती कुणीतरी रंगवून सांगावी आणि ती ऐकताना आपण त्यांतले नाही अशी खात्री पटावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी राजीनामा मागे घेतला, कोरा कागद ओढला आणि या लोकांसाठी एक गोष्ट लिहायला बसले. ती तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल कंपनी आपली आभारी आहे.