ओवीची बशी

खमिराच्या बाबतीत तनुजाला कुणी काही शिकवायचं काम नव्हतं. "माझ्या हातचं खमीर आजवर बिघडलं नाही," हे ती सासूलासुद्धा ऐकवायची. आता खमीर ते नानरोटीतलंच, पण तनुजाचं काम न्यारं. खमिराचं एक जनुक काढायचं आणि त्याजागी माणसाचं तसलंच जनुक बसवायचं. जनुक धड असेल तर खमीर जोमानं वाढतं, बिघडलेलं असेल तर रडतखडत जगतं. एवढा सरळ हिशोब.

यावेळचं जनुक ओवीचं होतं. पोर चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, मेंदूची वाढच मागं पडलेली. तपासणीत एका जनुकात बदल सापडला, पण दुखण्याचं मूळ तोच का, हे डॉक्टरांना सांगता येईना. तिची आई दीपमाला छावणी भागातल्या घरून सारखी फोन करायची, "मॅडम, कळलं का काही?" दुसरं मूल होऊ द्यावं का नाही, हे त्या बिचारीचं त्यावरच अडलं होतं.

नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेतलं उबवणीचं कपाट बंद पडलं. तनुजा डगमगली नाही. "ऊबच पाहिजे ना? आमच्या स्वयंपाकघरात ती फुकट आहे," म्हणत तिनं खमीर लावलेल्या झाकणाच्या तीन बशा बजाजनगरला घरी आणल्या. पहिलीत निरोगी माणसाचं जनुक, दुसरीत ओवीचं, आणि तिसरीत कुठलंच नाही, म्हणजे तिच्यातलं खमीर वाढायलाच नको. सासूबाई आवडाबाई देवगाव रंगारीहून आलेल्या होत्या. तनुजानं त्यांना बजावलं, "आई, ह्यांना हात लावायचा नाही."

सोमवारी सकाळी तिनं ओवीची बशी बघितली आणि तिचे डोळेच भरून आले. खमीर टच्च वाढलेलं! प्रयोगशाळेतल्या सरांना विचारायचंही भान राहिलं नाही, तिनं सरळ दीपमालाला फोन लावला.

"ताई, ओवीचं जनुक चांगलं काम करतंय. दोष त्याचा नाही."

पलीकडं दीपमाला ओक्साबोक्शी रडली. "लई उपकार झाले, मॅडम."

फोन ठेवून तनुजानं सहज तिसरी बशी उचलली. तीही तेवढीच भरलेली. तिच्यात तर काहीच वाढायला नको होतं.

"आई, ह्यांना हात कुणी लावला?"

"हात कशाला लावू? चमच्यानं केलं," आवडाबाई म्हणाल्या. "त्या दोघी लई मरतुकड्या दिसत व्हत्या. जराजरा गुळाचं पाणी दिलं. अन् पहिलीतलं थोडं इरजणावानी लावलं. बघ की, कशा तरारल्या."

तनुजानं बशी त्यांच्यापुढं धरली. "आई, वाढतंय का नाही, तेच तर बघायचं होतं."

"आसं कुठं आसतंय? वाढंना झालं की खायाला द्यावं लागतं. नुसतं बघत बसत्यात व्हय?"

तनुजानं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि पुन्हा फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"ताई, चुकलं माझं. मघाशी सांगितलं ते धरू नका. चांगल्या बशीतलं खमीर ओवीच्या बशीत मिसळलं गेलं. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल." मग सासूचा चमचा, विरजण, गुळाचं पाणी, सगळं तिनं सांगून टाकलं.

तनुजा शिव्या खायच्या तयारीनं डोळे मिटून बसली.

"मॅडम," दीपमाला हळूच म्हणाली, "ते गुळाचं पाणी ओवीला देऊन बघू का?"

आवडाबाईंना उत्तर लगेच सुचलं. त्या फोनकडं सरकल्या, तसा तनुजानं तो उचलून पोटाशी धरला.