नाव सांगा की

आमचे शेजारी राघवेंद्रराव मला चांगलं ओळखतात. तरी त्यांची बेल वाजवली की दार अर्धं उघडून विचारतात, “नाव सांगा की. जरा मोठ्यानं.” मी खिचडीची वाटी सांभाळत, “वैशाली, समोरच्या फ्लॅटमधली,” असं ओरडते. मग ते “सरी”, म्हणजे कन्नडमधलं ‘ठीक’, म्हणतात आणि दार पूर्ण उघडतं. बंगळूरच्या सर्जापूर रोडला राहायला आले तेव्हा वाटलं होतं, पुणेरी पाट्या मागे सुटल्या. इथे पाटीच बोलते.

राव एका इस्पितळात नोकरीला आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला जाऊ नये, एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर चढू नये, म्हणून अशा चुका शोधायच्या आणि त्यांची वाट बंद करायची, हे त्यांचं काम. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठी कन्नडच्या मांडीवर वाढलेली. ‘तुम्हीच राव ना?’ असं पेशंटला कधी विचारू नये, हा त्यांचा मूलमंत्र. घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो, आणि इथे ‘राव’ म्हणून हाक मारली तर अर्धा वॉर्ड उठून बसतो. नाव ज्याचं त्यानंच सांगायला हवं.

हे खूळ इस्पितळात ठेवून यावं, तर तेही नाही. यशवंतपूरला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. राव आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, “नाव सांगा की.” मागची रांग खोळंबली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नवरदेवानं सांगितलेलं नाव आमच्या पत्रिकेत नव्हतंच. आमचं लग्न वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना राव म्हणाले, स्वल्प चौकशी केली तर काय बिघडतं? मी गप्प बसले, कारण खालच्या लग्नातला म्हैसूरपाक अजून माझ्या तोंडात होता.

रावांना लहानपणापासून वाढवलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी. त्या त्यांच्याकडेच असतात. अक्कांना हल्ली माणसं पटकन आठवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. एकदा दार उघडंच दिसलं, म्हणून मी तशीच आत गेले. अक्का हसून “ये ग” म्हणाल्या, पण नजर माझ्या चेहऱ्यावर चाचपडत राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जाऊ लागलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रावांचा आवाज आला, “नाव सांगा की. जरा मोठ्यानं.”

मी सांगितलं. अक्कांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “वैशालीला मी ओळखत नाही होय रे?” म्हणून त्यांनी भावालाच झापलं.

घरातला तो प्रश्न माझ्यासाठी नव्हताच तर. ‘तू कोण’ असं विचारायची पाळी अक्कांवर येऊ नये, म्हणून रावांनी तो वेडेपणा स्वतःच्या नावावर घेतला होता. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

राव कॉफी घेऊन बाहेर आले. अक्कांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग त्यांच्याच सुरात म्हणाल्या, “आणि तू? नाव सांग की.”

रावांनी ट्रे खाली ठेवला. “राघू. तुझा धाकटा भाऊ.”

“सरी,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी कॉफीचा पेला उचलला.