बोलका पिवळा

"अबोली? मुलीच्या खोलीला अबोली?" आजोबांनी शेडकार्डावरून मान वर केली. "अगं, आधीच ती बोलत नाही. त्यात चारी बाजूंनी अबोली लावली तर आत्ता जे एक 'हं' ऐकू येतं, तेही बंद होईल."

"अहो, रंग आहे तो. किती गोड दिसतोय बघा तरी. नावावर काय जाता?" आजी म्हणाल्या.

"नावावर नाही, मी परिणामावर जातोय."

परिणाम हा शब्द ऐकून रंगाचा दुकानदार खुलला. "साहेब अगदी बरोबर बोलतायत. रंगाचा मनावर परिणाम होतोच. आमच्या एका गिऱ्हाइकाने जेवणाच्या खोलीला लाल दिला. घरातली सगळी माणसं इतकी सुटली, की शेवटी खुर्च्या बदलाव्या लागल्या. निळ्याने झोप येते. म्हणून तर मी दुकानाला निळा लावत नाही."

"आणि बोलकं व्हायला?"

"पिवळा! हा घ्या, 'बोलका पिवळा'. नावच तसं आहे."

"आता नावावर कोण गेलं?" आजींनी विचारलं. ते कुणी ऐकलं नाही.

गोष्ट अशी होती. आजोबांची नात, पावलांचा आवाज होत नाही म्हणून घरात जिला सगळे मनी म्हणत, ती त्यांच्याकडे राहायला आली होती. तिच्या आईबाबांची बदली अशा ठिकाणी झाली होती, की तिथे धड शाळा नव्हती. मनीने इथे राहायचं आणि आजोबांच्या जुन्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. पण मनी आल्यापासून बोलतच नव्हती. होकाराला मान उभी, नकाराला आडवी, आणि फारच झालं तर "हं". "आमच्याकडे तर हिचं तोंड मिटत नाही हो," असं तिची आई फोनवर सांगत होती. आणि त्याच फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, मी रविवारी येते. तिचं मन रमलेलं दिसलं नाही, तर मी तिला परत नेईन. शाळेचं बघू मग काहीतरी."

आजोबांच्या मनाला ते लागलं होतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. मागच्या बाकावरच्या मुक्या पोरांना त्यांनी बोलतं केलं होतं, निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. आणि सख्खी नात त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत होती. तिने राहावं, असं त्यांना फार वाटत होतं. इतकं, की ते त्यांनी आजींनाही सांगितलं नव्हतं.

"मने, तुला कुठला रंग आवडतो? पिवळा ना? पिवळाच! का माहितीये? उन्हाचा रंग तो." आजोबांनी विचारलं, आणि सांगितलंही. ही त्यांची वर्गातली जुनी सवय होती. मनीने मान उभी हलवली.

तीन भिंतींना बोलका पिवळा ठरला. चौथ्या भिंतीला वॉलपेपर लावावा, ही दुकानदाराची सूचना. त्याने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काउंटरवर आपल्यापुढे उघडलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. काउंटर उंच होता. मनीला काही दिसेना, म्हणून त्याने तिला आत घेतलं आणि आपल्या स्टुलावर उभं केलं. आता पुस्तकाच्या एका बाजूला तो आणि मनी, समोरच्या बाजूला आजी आणि आजोबा.

एका पानावर मनीने पटकन बोट ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, दाबून धरलं. आणि आल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

आजोबांनी मान पुढे काढून बघितलं. फिकट ढगांवर निळे, पांढरे, टपोरे आकार. खाली गोल, वर निमुळते.

"थेंब!" आजोबा आनंदाने म्हणाले. "पाण्याचे थेंब आवडले होय तुला? वर ते बारीक शेपूट दिसतंय ना, तसंच असतं. थेंब सुटताना मागे शेपूट राहतं. नातीला शास्त्राची आवड आहे हो!"

दुकानदार भिंतीचा हिशेब करण्यात गुंतला होता. "फार खपतो हा," तो वर न बघता म्हणाला. "मुलं वेडी होतात."

रंगाऱ्याने पिवळा रंग झकास दिला. खोलीत शिरलं की डोळे आपोआप बारीक व्हायचे. मग त्याने खळ कालवली, वॉलपेपरची गुंडाळी उलगडली आणि तो थांबला.

"साहेब, मागे बाण आहे. हा बाण वरच्या बाजूला करतात."

"का करतात?"

"नेहमी तसंच करतो आम्ही."

"नेहमी करतो, हे काही कारण झालं नाही," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खडूची धूळ उडू लागली होती. त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि हात उंच धरला. "आता नीट बघा आणि सांगा. थेंब कुठे गेला?"

"माझ्या चपलेवर."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसावी लागेल."

"म्हणजे खाली! थेंब खाली जातो, कारण पृथ्वी त्याला ओढते. आता या चित्रात थेंबाची गोल बाजू खाली हवी. तशी धरली की बाण कुठे जातो? खाली. म्हणजे हा बाण काय दाखवतो? थेंब पडण्याची दिशा."

रंगारी बराच वेळ बाणाकडे आणि मग चपलेकडे बघत राहिला. "पटलं," तो म्हणाला, आणि कागद आजोबांच्या शास्त्राप्रमाणे भिंतीवर चढला.

मनीला डोळे मिटायला लावून खोलीत आणलं. तिने डोळे उघडले, ती भिंतीकडे धावली आणि मध्येच थबकली. चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी दिवा घालवावा तसं गेलं. तिने तोंड उघडलं.

"काय, कसं वाटतंय? छान ना?" आजोबा म्हणाले. "छानच! तुझे थेंब ते! आता त्या थेंबांच्या खाली बसून अभ्यास करायचा."

मनीने तोंड मिटलं. मानसुद्धा हलवली नाही.

त्या दिवसापासून मनीने एक नवंच सुरू केलं. ती पलंगावर आडवी व्हायची, पाय पिवळ्या भिंतीला वर लावायची, डोकं पलंगाखाली लोंबकळत सोडायची आणि तासन्तास तशीच राहायची. तोंड लालबुंद, वेण्या जमिनीवर.

"अहो, पोरीला झालंय तरी काय?" आजी दारातून कुजबुजल्या.

"पिवळ्याने उत्साह वाढतो," आजोबा म्हणाले. "थोडा जास्त वाढला असेल." पण त्यांचा स्वतःचा उत्साह कमी झाला होता. रविवार जवळ येत होता.

आणि खोलीचं आणखी एक विचित्र होतं. तिथे थोडा वेळ उभं राहिलं, की प्रत्येकाला बाथरूमला जावंसं वाटे. आजी चादर बदलायला गेल्या, निम्मी चादर टाकून निघून गेल्या. खुद्द आजोबांनी तिथे पेपर वाचायचं ठरवलं, तर मथळ्यांच्या पुढे त्यांना जाता आलं नाही. आता आजोबांचा स्वभावच चौकस. पिवळा रंग आणि मूत्रपिंड यांचा काही संबंध आहे का, याचा ते गंभीरपणे विचार करू लागले. आजींना तर रात्रंदिवस कुठेतरी नळ गळतोय असं वाटायचं. त्या उठून उठून सगळे नळ आवळत. शेवटी त्यांनी मोरीचा नळ इतका आवळला, की तो सोडायला आजोबांना पकड आणावी लागली.

रविवारी सकाळी शेजारच्या काकू खोली बघायला आल्या. बघितली, "आलेच हं" म्हणून बाथरूमला जाऊन आल्या, आणि नाक वर करून म्हणाल्या, "ओल आलीये."

"छे, परवाच तर सगळं झालंय."

"मग हात लावून बघा."

आजोबांनी भिंतीला हात लावला. भिंत गार होती, आणि खरंच ओलसर. खळ अजून वाळली नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. समोर एवढे थेंब दिसत असताना येणार तरी कसं?

"तरी मी म्हणत होते!" आजी म्हणाल्या. "नळ गळतोय, नळ गळतोय. माझं ऐकतंय कोण?"

"आतला पाइप फुटलाय," काकूंनी निकाल दिला. "आमचा प्लंबर खालीच आलाय. बोलावते."

प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आजींनी चहाचं आधण ठेवलं होतं, ते खदखदत होतं. "येतोय आवाज," प्लंबर म्हणाला. "जोरात येतोय. फोडावं लागेल."

"आज? आत्ता? अहो, आज माझी मुलगी येणार आहे," आजोबा काकुळतीला आले. मुलगी येणार, पोर उलटी लटकलेली बघणार आणि वर भिंतीला भगदाड! ती पाच मिनिटांत बॅग भरेल.

"तुमची मर्जी. पाणी काही मुलगी जायची वाट बघत नाही."

आजोबांनी आजींकडे बघितलं. आजींनी काकूंकडे बघितलं. काकूंनी प्लंबरला मान डोलावली. त्याने पिशवीतून छिन्नी काढली, एका मोठ्या निळ्या थेंबाच्या शेपटावर टेकवली आणि हातोडा उचलला.

"काका, तिथे नका मारू! त्या फुग्यात माणसं आहेत!"

हातोडा वरच राहिला. आवाज खालून आला होता, पलंगाच्या कडेवरून.

"कोण बोललं?" काकूंनी विचारलं.

"मनी बोलली," आजोबा अगदी हळू म्हणाले. जणू मोठ्याने म्हटलं तर ते उडून जाईल. "मने, कुठला फुगा?"

आणि या वेळी त्यांना उत्तर माहीत नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले.

"सगळेच!" मनी तशीच उलटी लटकत म्हणाली. "आकाशात उडणारे मोठे फुगे आहेत ते. त्यांना खाली टोपली असते, टोपलीत माणसं असतात. एकाकडे दुर्बीण आहे. एका बाईची टोपी उडालीये. तुम्ही सगळं उलटं लावलंय. बिचारी कधीची डोक्यावर उभी आहेत. खोटं वाटत असेल तर इथून बघा."

आजोबा वाकले. पाय फाकवून त्यांनी दोन गुडघ्यांमधून भिंतीकडे बघितलं. थेंब नाहीसे झाले आणि भिंतभर फुगे तरंगू लागले. शेपटाच्या जागी टोपली होती, आणि टोपलीत दुर्बीणवाला.

"अरे! हो की!"

"बघू, बघू," म्हणत आजी वाकल्या. काकू वाकल्या. प्लंबरने हातोडा खाली ठेवला आणि तोही वाकला.

दाराची कडी वाजली नाही, कारण दार उघडंच होतं. आजोबांना गुडघ्यांमधून आधी एक बॅग दिसली, मग उलटी मुलगी दिसली.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "आई? काय चाललंय काय?"

"ये, ये," आजोबा म्हणाले. "आधी वाक."

"आई, अगं, आजोबांनी माझे फुगे उलटे लावले!" मनीने कोलांटी मारली आणि ती आईला जाऊन भिडली. मग जे सुरू झालं, ते चहा होईपर्यंत, चहा पिऊन होईपर्यंत आणि प्लंबर जाईपर्यंत थांबलं नाही. दुर्बीणवाला कुणाला शोधतोय, टोपीवाली बाई कुणावर रागावलीये, पिवळ्या रंगात रात्र झाली तरी रात्र का वाटत नाही, प्लंबरकाकांच्या पिशवीत काय काय आहे.

"हिला काय रमायचं राहिलंय!" तिची आई हसत म्हणाली. "मी उगाच घाबरले. बॅग उघडतच नाही, संध्याकाळी निघते."

आजोबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "पण मने, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तुम्ही विचारलंत. पण मग तुम्हीच सांगितलंत."

आजींना हसण्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागलं.

वॉलपेपर काढायला मनीने साफ नकार दिला. उभं राहिलं की पाऊस आणि लटकलं की फुगे, अशी भिंत शाळेत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. मैत्रिणी येऊ लागल्या. दुपारी पलंगाच्या कडेला डोक्यांची रांग लोंबकळू लागली. आणि मनी बोलत राहिली. आजोबांच्या पेपरवरून, चहावरून, दुपारच्या झोपेवरून ती बोलत राहिली.

अखेर एका संध्याकाळी आजोबा मनीचा हात धरून पुन्हा रंगाच्या दुकानात गेले.

"पिवळा कसा काय ठरला, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"फारच गुणकारी," आजोबा म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला. "आता माझ्या खोलीला द्यायचाय. ती अबोली दाखवा बरं."

दुकानदाराने शेडकार्ड पुढे केलं. मनी टाचा उंचावून बघू लागली. "आजोबा, हिला अबोली का म्हणतात? हिला बोलता येत नाही? की हिला कुणी विचारतच नाही?"

आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, उदाहरणासकट. मग त्यांनी ते तसंच मिटलं, काउंटरपाशी एक स्टूल ओढलं आणि मनीला वर बसवलं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं, आणि दुसरं स्टूल स्वतःसाठी ओढलं. कारण आता दुकान बंद होईपर्यंत इथून हलता येणार नव्हतं.