उजवीकडे न वळणारी अंत्ययात्रा

"एक कार्ब्युरेटर, एक दुपार आणि काम फत्ते!" नॉरिस अ‍ॅक्रॉइडने वहिनीच्या स्वयंपाकघरात, वहिनीचाच चहा पीत जाहीर केलं. "शुक्रवारी गाडी अशी चालेल की लोक म्हणतील, ही चालू आहे की ढकलतायत!"

वहिनीने, म्हणजे हिल्डाने, त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तिचा नवरा क्लेमंट, म्हणजे नॉरिसचा थोरला भाऊ, रविवारी गेला होता. शुक्रवारी अंत्ययात्रा होती. क्लेमंटच्या मोटारसायकल क्लबातली म्हातारी मंडळी अख्ख्या यॉर्कशरमधून यायची होती, आणि हिल्डाची एकच इच्छा होती: सगळ्यांत पुढे क्लेमंटची गाडी असावी आणि तिच्यावर अ‍ॅक्रॉइडांपैकीच कुणीतरी असावं. आता अ‍ॅक्रॉइड एकच उरला होता.

गाडी साठच्या दशकातली. दोन सिलिंडर, आणि दोघांना पेट्रोल-हवा पाजणारा स्वतंत्र कार्ब्युरेटर. हे दोन कार्ब्युरेटर म्हणजे एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या जावा! एक उघडला की दुसरा जांभई देत असायचा. दर रविवारी सकाळी क्लेमंट हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, कानाला रबरी नळी लावून, दोघांचा सूर जुळवत डॉक्टरसारखा त्यांच्यापुढे बसलेला असे. बस डेपोत उभा जन्म इंजिनं उघडण्यात घालवलेला नॉरिस कुंपणापलीकडून म्हणे, "अरे, दोन्ही काढ आणि एकच बसव. जन्माची कटकट जाईल."

"तुला फुप्फुसं दोन आहेत, नॉरिस. एक काढू?" क्लेमंट मान वर न करता विचारी.

हा वाद दोघांनी म्हातारपणापर्यंत आणला होता. नॉरिसने तर एका वाढदिवसाला भावाला एक कार्ब्युरेटर आणि तो दोन्ही सिलिंडरांना जोडणारी दुतोंडी नळी भेट दिली होती. क्लेमंटने तो डबा आभार मानून शेडमधल्या फळीवर ठेवला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही.

"त्याला आवडेल का रे हे?" हिल्डाने विचारलं.

"हिल्डा, शववाहिनीच्या पुढे पावलाच्या गतीने जायचंय. ती दोन धेंडं दर चार घरांवर खोकून बंद पडतील. मग लाथा मारत बसू का, सगळ्या गावासमोर?"

तेही खरंच होतं. हिल्डाने शेडची किल्ली दिली.

काम खरोखरच एका दुपारी झालं. नॉरिसने जुने दोन कार्ब्युरेटर काढून फडक्यात गुंडाळले, दुतोंडी नळी बसवली, तिच्यावर नवा कार्ब्युरेटर चढवला, अ‍ॅक्सिलरेटरची नवी केबल टाकीखालून ओढून घेतली आणि वर टाकी आवळली. पहिल्याच लाथेला गाडी सुरू झाली! शिवणयंत्रासारखा तो मऊ, एकसारखा आवाज ऐकून नॉरिसला भरून आलं. नकळत तो क्लेमंटला ऐकवायला कुंपणाकडे वळला. तिथे कुणी नव्हतं.

"एक चक्कर मारून बघ ना," हिल्डा दारातून म्हणाली.

"चक्कर कशाला? घड्याळ टांगल्यावर भिंत हलवून बघतं का कुणी?"

शुक्रवारी सगळं नियमाने निघालं. अंत्यविधीचे व्यवस्थापक मिस्टर थ्रेलफॉल उंच काळी टोपी घालून, हातात काठी घेऊन पायी सगळ्यांत पुढे. मागे काळ्या टायमध्ये नॉरिस, क्लेमंटच्या गाडीवर. त्याच्यामागे शववाहिनी, मग हिल्डाची मोटार, मग क्लबाच्या मोटारसायकली. हिल्डाची गल्ली सरळसोट उताराची. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. शेजारीपाजारी टोप्या काढून उभे होते.

गल्लीच्या टोकाला उजवं वळण आलं. नॉरिसने हँडल उजवीकडे वळवलं.

गाडीने डरकाळी फोडली!

ती पुढे अशी उसळली की मिस्टर थ्रेलफॉल साठीच्या वयाला न शोभणारी उडी मारून कुंपणात गेले. नॉरिसने घाबरून क्लच दाबला, तर इंजिन मोकळं सुटून किंचाळायला लागलं. त्याने हँडल सरळ केलं आणि लगेच सगळं शांत!

त्याच क्षणी नॉरिसला कळलं. टाकी आवळताना नवी केबल खाली चेपली गेली होती. हँडल उजवीकडे गेलं की केबल ताणली जात होती आणि अ‍ॅक्सिलरेटर आपोआप पिळला जात होता. डेपोत एखाद्याने असली चूक केली असती, तर नॉरिसने त्याचा आठवडाभर उद्धार केला असता.

मिस्टर थ्रेलफॉल टोपीला चिकटलेली पानं झटकत शववाहिनीत जाऊन बसले. त्या उसळीत वळण तर पार झालं होतं; यात्रा पुढे निघाली. आता मोठा चौक होता, आणि स्मशानभूमी होती उजवीकडे. म्हणजे चौकातल्या गोल बागेला अख्खा वळसा!

नॉरिसच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: बागेभोवती पिसाळल्यासारखा फिरणारा तो आणि मागे गरगरणारा क्लेमंट. थांबून गाडी बंद करावी? मागे सगळा क्लब होता. त्यातल्या प्रत्येकाला क्लेमंटने सांगून ठेवलं होतं, "माझ्या भावाचं एकच म्हणणं. एकच बसव!"

तीन डावी वळणं घेतली की एक उजवं होतं, असा हिशेब नॉरिसने केला आणि तो डावीकडे वळला.

शववाहिनी क्षणभर थबकली. मग तीही डावीकडे वळली. मागोमाग सगळेच!

हिशेब बरोबर होता, पण डावीकडचा रस्ता गावाबाहेर, वर माळरानावर जात होता. तिथे मैलोन् मैल दुसरं डावं वळण नव्हतं. वारा सुटला होता. रस्त्यात मेंढ्या बसल्या होत्या. त्या उठेपर्यंत अख्खी अंत्ययात्रा अदबीने उभी राहिली. नॉरिसने मागे वळून बघण्याचं धाडस केलं नाही. "क्लेमंट, माफ कर रे बाबा," एवढंच तो पुटपुटत होता.

अखेर दोन डावी वळणं मिळाली आणि यात्रा स्मशानभूमीच्या मागच्या फाटकाला लागली. त्यांची वेळ कधीच टळून गेली होती. आत दुसऱ्याच कुणाचे विधी चालू होते.

"मिस्टर अ‍ॅक्रॉइड," मिस्टर थ्रेलफॉल दात आवळून म्हणाले, "माझ्या उभ्या जन्मात..."

पण तेवढ्यात क्लबाचे म्हातारे येऊन नॉरिसच्या गळ्यात पडले. एकाच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "क्लेमंटचा लाडका माळावरचा रस्ता! शेवटची फेरी! हे फक्त भावालाच सुचू शकतं!"

नॉरिसने मान खाली घातली. ते त्यांना दुःख वाटलं.

हिल्डा मोटारीतून उतरली, त्याच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उजवीकडे वळत नाही ना?"

"नाही."

हिल्डाने तोंडाला रुमाल लावला. तिचे खांदे गदगदायला लागले. दोन बायका तिला धरायला धावल्या. ती हसत होती, हे फक्त नॉरिसला माहीत होतं. आणि मग हसता हसताच ती खरोखर रडायला लागली. रविवारपासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी नॉरिसने टाकी सैल करून केबल मोकळी केली आणि गावभर चक्कर मारली. डावीकडे, उजवीकडे, बागेभोवती तीनदा! गाडी कुठेही खोकली नाही. आयुष्यभर भांडून जे सिद्ध करायचं होतं ते सिद्ध झालं होतं, आणि सांगायचं कुणाला, तर कुणालाच नाही. तो शेडपाशी आला तेव्हा हिल्डा वाफे खणत होती. ती दचकली.

"कधी आलास? ऐकूच आलं नाही."

"तेच तर! आवाज बघ कसा..."

"नॉरिस," ती माती झटकत म्हणाली, "तो यायचा तेव्हा मला चौकातूनच कळायचं. मी चहा ठेवायचे. ती दोन परत बसव."

"अगं, पण ही आता उत्तम..."

"बसव."

नॉरिसने फडक्यातून दोन्ही कार्ब्युरेटर काढले. संध्याकाळपर्यंत ते बसले. मग तो स्क्रूड्रायव्हर घेऊन, कानाला नळी लावून त्यांच्यापुढे बसला. पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे. ती धेंडं काही केल्या एका सुरात येईनात! गाडी खोकली, शिंकली, फटाका फोडून बंद पडली.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"हां!" हिल्डा म्हणाली. "आता कशी बरोबर झाली!"