मुळं आतच राहू द्या!

"यंदापासून कुदळीला कायमची सुट्टी!" दातांच्या डॉक्टरांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि सासूबाईंचा घास हातातच राहिला.

कुदळ सासूबाईंची होती. दवाखान्यामागची भाजीची जागाही त्यांचीच. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत जावई लोकांचे दात काढायचे, मागच्या अंगणापलीकडे सासूबाई टोमॅटो, कोबी, वांगी काढायच्या. कामं वेगळी, तोरा मात्र सारखाच! दर हंगामाआधी त्या जमीन अशी खणायच्या, की जणू आत कुणीतरी त्यांचं काहीतरी लपवलंय आणि ते त्यांना आजच्या आज हवंय.

"खणायचं नाही, मग लावायचं कुठं? छपरावर?"

"आई, नीट ऐका." डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. समजावून सांगायची त्यांना भारी हौस! दिवसभर ज्यांची तोंडं उघडी, पण ज्यांना बोलता येत नाही अशा लोकांशी बोलून त्यांचा पक्का समज झाला होता, की आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं. "तुम्ही कोबीला खत घालता. कोबी त्यातलं थोडं खातो. उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं, अगदी तळघरात! तिथं कोबीचा हात पोचत नाही. म्हणून भाजी निघाली, की जमीन रिकामी ठेवायचीच नाही. ताग आणि मोहरी पेरायची. त्यांची मुळं खाली उतरतात, ते सामान हमालासारखं वर आणतात आणि पानांत भरून ठेवतात. ताग तर हवेतलं नत्रसुद्धा मुळांच्या गाठींत साठवतो. फुलावर आला, की कापायचा आणि तिथंच आडवा पसरायचा. कुजला, की सगळं परत भाजीच्या पोटात. त्या थरातच भोक पाडून रोप लावायचं. खणणं म्हणजे धडधाकट हिरडी उगाच उकरणं!"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. "तुझ्या नवऱ्याची झोप नीट होत नाही का गं?"

"एक हंगाम देऊन टाक आई," लेक म्हणाली. दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम तिचं, त्यामुळे माणसं कशी आवरायची हे तिला ठाऊक. "नाहीतर रोज जेवताना हिरड्या ऐकाव्या लागतील."

"दिला! पण टोमॅटो धरले नाहीत, तर पुढच्या खेपेला सगळी जागा जावईबापूंनी खणायची. एकट्यांनी!"

पेरणी झाली. ताग असा तरारून वर आला, की डॉक्टरांची छाती फुगायची तरी किती! बघता बघता तो डोक्याच्या वर गेला. सासूबाई मुळात ठेंगण्या. आत शिरल्या, की दिसेनाशा व्हायच्या आणि एकदा तर त्यांनी लेकीला हाका मारून बाहेर यायची वाट विचारली.

मग पिवळी फुलं आली. "बी धरायच्या आत कापायला हवा," डॉक्टर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी! गाल धरलेली माणसं बाकावर ओळीनं बसलेली आणि आत खुर्चीत आडवे झालेले खुद्द हेडमास्तर. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, ते हेडमास्तर खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. इंजेक्शन देऊन झालेलं, अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचे बोळे, गळ्यात निळा रुमाल.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून आवाज आला, "जावईबापू, कापायला घेऊ का?"

हेडमास्तरांचे डोळे गर्रकन फिरले. बोलणारं कोण ते दिसेना.

"घ्या घ्या!" डॉक्टर उत्साहानं म्हणाले. "आज कापलंच पाहिजे!"

"मुळासकट उपटू?"

"छे छे! उपटायचं नाही! वरून कापा, मुळं आतच राहू द्या!"

"आत कुजतील की हो!"

"कुजू द्या! कुजायलाच हवीत! त्याच भोकांतून पुढं किडे फिरतील, पाणी झिरपेल. खरी गंमत तिथंच आहे!"

"ऊं?" हेडमास्तर म्हणाले.

"पण विळ्याला धार नाही!"

"चालेल! ओढून ओढून कापा!"

डॉक्टर हातमोजे घ्यायला कपाटाकडे वळले. परत फिरून पाहतात, तर खुर्ची रिकामी! नुसती डुलत होती.

खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरच्या बाकानंही सगळं ऐकलं होतं. "माझा थांबला बुवा दुखायचा," म्हणत एक उठला. "माझा तर कधी दुखतच नव्हता," म्हणत दुसरी उठली. क्षणात बाक ओस!

"अहो, काय सांगितलंत त्यांना?" बायको धावत आली.

"काही नाही! मी तागाबद्दल बोलत होतो!"

"दाढ दुखणाऱ्या माणसाशी तागाबद्दल?"

"त्यांच्याशी नाही गं, आईंशी!"

इकडे हेडमास्तरांनी घाईत पुढच्या दाराऐवजी मागचं दार धरलं होतं. समोर हिरवंगार रान दिसलं, ते सरळ आत घुसले आणि मधोमध जाऊन दडून बसले. कापसामुळे ओरडताही येईना.

सासूबाई कडेकडेनं ताग कापत, गुणगुणत पुढं सरकत होत्या. त्यांनी तागाची चार ताटं बाजूला सारली, तर आत एक निळा रुमाल, दोन फुगलेले गाल आणि एका बाजूला लोंबणारा ओठ!

"अगं बाई! सर, तुम्ही? इथं?"

"ऊं! ऊं!"

"थांबा हं, हलू नका! मी वरचं वरचं कापते, म्हणजे नीट दिसाल!" असं म्हणून त्यांनी विळा उचलला.

मग काय विचारता! हेडमास्तर जे सुटले, ते तागातून आडवे, उभे, तिरपे! मागं विळा घेऊन सासूबाई, "अहो, पडाल की!" समोरून हातमोजे घातलेले डॉक्टर, "सर, काम अर्धवट सोडून जाऊ नका!" बाजूनं बायको, "अहो, तुम्ही दोघं आधी गप्प बसा!" हेडमास्तर डावीकडे वळले, की तिघं डावीकडे. उजवीकडे वळले, की तिघं उजवीकडे. शेवटी पाय अडकून ते पालथे पडले आणि कापसाचे बोळे टुणकन बाहेर उडाले.

"दोघं मिळून माझं काय करताय?" ते गरजले. अर्धं तोंड बधिर असूनही गरजले!

डॉक्टर त्यांच्या शेजारी मटकन बसले आणि धापा टाकत सगळा खुलासा केला. ताग, मोहरी, तळघर, हमाल, सगळं. हेडमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं, रुमाल सरळ केला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या एकाही वाक्यात कर्म नव्हतं. काय कापायचं, कशाची मुळं? माणसानं वाक्य पुरं बोलावं!"

सासूबाईंना असं हसू फुटलं, की त्यांना खालीच बसावं लागलं. हेडमास्तरही हसले, जेवढं अर्ध्या तोंडानं जमलं तेवढं. मग बधिरपणा उतरायच्या आत जाऊन दाढही भरून घेतली.

दाढ भरून डॉक्टर परत मागं आले. पळापळीत सगळा ताग तुडवला गेला होता, एकही ताट उभं नव्हतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. खाली वाकून त्यांनी एक ताट उचलून पाहिलं, मग दुसरं. आणि एकदम ओरडले, "आई! सगळ्यांच्या कमरा मोडल्यात! फुलावर आलेला ताग असा मोडला, की पुन्हा उभा राहत नाही! आपलं काम झालं!"

त्या हिरव्या गादीत भोकं पाडून रोपं लावली. आणि ती पिवळी पडली! सासूबाई कुदळ घेऊन दारात उभ्या. "थांबा आई," डॉक्टर काकुळतीला आले. "जमिनीतले जंतू आधी जेवतात, टोमॅटोचं ताट नंतर वाढलं जातं." दवाखान्यातही शुकशुकाट. कुजणाऱ्या मुळांची गोष्ट गावभर पसरलेली! डॉक्टर रिकाम्या बाकावर बसून खिडकीतून पिवळी पानं बघायचे. बायको चहा आणून ठेवायची.

हळूहळू गादी काळी पडली, खाली बसली, आणि रोपांनी मान वर काढली. पानं हिरवी झाली, खोडं जाड झाली. एका सकाळी सासूबाईंनी कुजका थर बाजूला सारून मातीत बोटं घातली, तर हात थेट मनगटापर्यंत आत गेला. वर आला तो गांडूळ घेऊन. "लोण्यासारखी झालीय," एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांना तेवढं पुरलं. टोमॅटो तर असे लगडले, की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

पहिली टोपली हेडमास्तरांकडे गेली. त्यांनी ही हकिकत भेटेल त्याला सांगितली, कर्मासकट.

आणि मग एके दिवशी डॉक्टर दार उघडतात, तर बाक गच्च भरलेला! लोक उभेसुद्धा! डॉक्टरांनी धुतलेला कोट चढवला, बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि म्हणाले, "चला, पहिला पेशंट!"

कुणी उठेना.

"आम्ही आईंकडे आलोय," मांडीवर मातीची पिशवी घेतलेल्या बाई म्हणाल्या. "आमच्या वांग्यांचं दाखवायचंय."

मागच्या ओसरीवर सासूबाई एकेकाला बोलावत होत्या. माती चिमटीत चुरून बघायच्या, वास घ्यायच्या, काय पेरायचं ते सांगायच्या आणि म्हणायच्या, "पुढचा!" डॉक्टरांनी मागच्या दारातून डोकं बाहेर काढलं. "आई, मोहरीबद्दल एक छोटंसं..."

"रांगेनं या, जावईबापू!"

डॉक्टर मुकाट्यानं जाऊन बाकाच्या टोकाला टेकले. शेजारच्या आजोबांनी सरकून जागा दिली आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं काय दुखतंय? कोबी?"